बारा वेढे

भोंगवलीच्या बाजीरावांचा आवाज चढला, की वाटेनं जाणाऱ्याची पावलं आपोआप भराभर पडायची. नसरापूरच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू केली. त्याच आठवड्यात पासलीचे चिमाजी वैदू सर्पगंधेची मुळी देऊन गेले. रोज सकाळी सहाणेवर गोल फिरवत सात वेढे उगाळून घ्यायची. कुणाचं मन कशाला मोडा, म्हणून बाजीराव दोन्ही घेऊ लागले. डॉक्टरांना मुळीचं सांगितलं नाही, वैदूला गोळीचं नाही.

उगाळायचं काम नववीतल्या लेकीकडे, रतनकडे. चार दिवसांत तिचे आबा असे निवळले की खारट आमटीही मुकाट जेवले. लग्न झाल्यापासून घर एवढं शांत पहिल्यांदाच, असं आई साळूबाई शेजारणीला सांगून आली.

रतनला पुण्याला खो-खोच्या सामन्यांना जायचं होतं, आणि आबांचं "न्हाई" ऐकून तिचे कान किटले होते. सात वेढ्यांत माणूस एवढा मवाळ होतो, तर बारांत? तिनं बारा दिले. आबा अर्धवट डोळ्यांनी म्हणाले, "जा की." रतननं अंगणात गिरकीच घेतली.

तिसऱ्या दिवशी आबा बांधावरून उठता उठता कोसळले. बैलगाडीतून नसरापूरला नेलं. रक्तदाब पार तळाला गेलेला. आणखी काय घेता, असं डॉक्टरांनी विचारलं तर सगळे आढ्याकडे बघू लागले. खरं बोललं की पुणं गेलं, हे रतनला पक्कं ठाऊक होतं. पण आबांचे ओठ पांढरे पडले होते. तिनं सगळं सांगून टाकलं, वेढ्यांसकट.

"अगं, ही गोळी त्याच मुळीपासून करतात," डॉक्टर म्हणाले. "एकच औषध दोन दोनदा पोटात गेलं."

मुळी बंद झाली, गोळी डॉक्टर सांगतील तशी. आठवड्याभरात आवाज परतला आणि पहिला रतनवरच चढला.

"बारा येढे? का गं?"

"गुंगीत तुमी व्हय म्हंता, म्हणून."

साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. आबांनी लेकीला समोर बसवलं.

"मग आता जागेपणी इचार की."

रतननं विचारलं. आबा नाही म्हणाले. तिनं दुपारी विचारलं, दिवेलागणीला विचारलं, दुसऱ्या दिवशी गोळीबरोबर पाणी देतानाही विचारलं.

शनिवारी आबा तिला फाट्यापर्यंत पोचवायला आले, ते वाटभर तिच्या नावानं खडे फोडत. पुण्याच्या यष्टीत बसवलं तेही खडे फोडतच. गाडी सुटली तरी ते कंडक्टरला बजावत होते, की पोरगी खेळाडू आहे, तिला दाराशी उभी करू नका.