रापणीचा एक वाटा

सेल्विन पडला तेव्हा इस्मे वर गॅलरीत खुर्चीवर पाय घेऊन बसली होती. तिने सगळं पाहिलं. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर धरलेल्या बारा-पंधरा माणसांच्या रांगेत तिचा नवरा शेवटून तिसरा होता. लाट मागे सरली तसा दोराला हिसका बसला. बाकीच्यांनी टाचा वाळूत रोवल्या आणि सेल्विन भरल्या पोत्यासारखा बाजूला कलंडला. तिच्या मनात आधी आलं ते असं, की आता ह्या बेचाळीस पायऱ्या उतराव्या लागणार. त्याला लागलं असेल का, हे नंतर आलं. तिची तिलाच लाज वाटली. "देवा, माफ कर रे," असं पुटपुटत तिने चपला शोधल्या.

ती खाली पोचेपर्यंत त्याला दोघांनी उचलून बदामाच्या झाडाखाली बसवलं होतं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, की ट्रिनिदादच्या पाहुण्याला आमच्या टोबॅगोच्या समुद्राने अखेर लोटांगण घालायला लावलंच. माणसं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एकवीस वर्षं ही थट्टा अशीच चालत आली होती, आणि दर वर्षी सेल्विन सव्वापट परतफेड करायचा. आज मात्र त्याची जीभ जुळवाजुळव करीपर्यंत हसणं संपलं आणि माणसं पुन्हा दोराला लागली.

ट्रिनिदादमधल्या अरिमाच्या शाळेच्या स्वयंपाकघरात इस्मेने तीस वर्षं काढली. तीनशे पोरांचा भात, डाळ, कोंबडी. घरी आलं की पुन्हा चूल. सेल्विन बस चालवायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच ऑगस्टात तो तिला बोटीने इथे घेऊन आला आणि खोलीच्या दारातच त्याने सांगून टाकलं, "हे सात दिवस तू चुलीकडे बघायचं पण नाही. भूक लागली की नुसती हाक मार." सकाळी तो रापण ओढायला जायचा. ज्याने जाळं येईपर्यंत दोरावर काम केलं त्याला वाटा, मग तो गावचा असो की परका, हा इथला नियम. वाट्याचे मासे आणायचा, स्वतः साफ करायचा, लिंबू आणि हिरवं वाटण लावून तळायचा आणि ताट तिच्या हातात द्यायचा. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत इस्मेला दुसऱ्याच्या हातचं गरम खायला मिळायचं ते एवढे सातच दिवस. बाकीचं वर्ष ती त्यांच्या जोरावर रेटायची.

मग तीन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं. पाय हळूहळू परतला, बोलणंही बरंचसं परतलं. हात परतला नाही. तेव्हापासून आंघोळ, बटणं, नाड्या, गोळ्या, सगळं इस्मेकडे आलं. यंदा त्याने हट्टच धरला, की टोबॅगोला जायचं. ती हो म्हणाली, कारण नाही म्हणण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

काल रविवारी दोघं गावच्या चर्चमध्ये गेली होती. इथले पाद्रीबाबा प्रवचन सांगता सांगता गाऊ लागतात, लोक टाळ्यांवर पालुपद उचलतात, आणि एका घडीला सांगणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हेच कळेनासं होतं. इस्मे वर्षभर त्याची वाट बघत असे. काल बाबांनी स्वर लावला आणि पहिलं पालुपद संपायच्या आत तिचा डोळा लागला. ती डुलायला लागली, तशी शेजारच्या बाईला वाटलं की हिच्या अंगात पवित्र आत्मा आला, आणि ती बाई दुप्पट जोराने टाळ्या पिटू लागली. सेल्विन बाहेर आल्यावर पोट धरून हसला. इस्मेही हसली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला रडू आलं, की देवाने एवढं गोड वाढलेलं ताट आपण झोपेत घालवलं.

जाळं किनाऱ्याला लागलं. जॅक मासे वाळूत तडफडू लागले. वाटे पडले. रापणीचा तांडेल हॅमलिन, दाराएवढ्या रुंद छातीचा म्हातारा, तीन मासे घेऊन झाडाखाली आला आणि सेल्विनच्या पायाशी ठेवून निघाला.

"हे उचल," सेल्विन म्हणाला.

"घे रे. माझ्याकडून."

"तुझ्याकडून का? मी दोर ओढला नाही, मी पडलो. पडण्याचा वाटा असतो का तुमच्यात?"

हॅमलिनने इस्मेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याने मासे उचलले.

दुपारी इस्मेने मुकाट्याने भात शिजवला, नीरफणस उकडला. त्याने ताटाकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे करून पडला. दोघांपैकी जास्त उपाशी कोण, हे तिला ठरवता येईना.

मंगळवारी पहाटे तो उठून बसलेला तिला दिसला. एका हाताने शर्टाचं बटण लावायची खटपट चालली होती. तिने लावून दिलं. आणि मग स्वतःचाही जुना झगा चढवला.

"तू कुठे निघालीस?"

"रापणीवर."

"तुझी सुट्टी आहे."

"असू दे."

किनाऱ्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा रापण जवळून पाहिली, आणि स्वयंपाकघर चालवलेल्या बाईच्या नजरेने पाहिली. जाळ्याला दोन टोकं, दोन दोर, माणसांच्या दोन रांगा. पलीकडच्या रांगेच्या शेवटी टोबायस म्हातारा वाळूत बूड टेकून, ओढून आलेला दोर वेटोळं घालून रचत होता. अलीकडचा दोर मात्र तसाच ढीग होऊन पडत होता आणि माणसांच्या पायात येत होता.

"हॅमलिन," ती म्हणाली, "इथे गुंडाळायला कोणी नाही का?"

"होता एक. लेकीकडे गेला घर बांधायला."

"गुंडाळणाऱ्याला वाटा असतो?"

"सगळ्यांइतकाच."

सेल्विन लांबून ऐकत होता. बसल्या कामाला त्याने एकवीस वर्षं नाकं मुरडली होती. टोबायसला तो तोंडावर कोंबडी म्हणायचा, अंड्यांवर बसलेली. आता तो ढिगाजवळ आला, डाव्या हाताने ओला दोर उचलून बघितला, वेटोळं घालायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वळशाला दोर निसटला. वेटोळं घालायला दोन हात लागतात.

इस्मे त्याच्या उजव्या बाजूला वाळूत बसली. तिने दोराची दुसरी बाजू धरली.

हॅमलिन जवळ आला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काम एका माणसाचं आहे. तुम्ही दोघं असलात तरी वाटा एकच मिळेल. कबूल असेल तर बसा, नाहीतर उठा."

इस्मेला वाटलं, हा उठणार. आता हा तडक खोलीवर जाणार आणि परतीच्या बोटीपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडणार. सेल्विनचा जबडा हलला. शब्द यायला नेहमीसारखाच वेळ लागला, पण ह्या वेळी सगळे थांबले.

"कबूल," तो म्हणाला.

"कोंबडी नव्हे हो, जोडी बसली," पलीकडून टोबायस म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरी अंडी घालू," सेल्विन म्हणाला.

दीड तास दोर येत राहिला. खारट, वाळूने माखलेला, मनगटाएवढा जाड. सेल्विनने वळवायचा आणि इस्मेने दाबून बसवायचा. तिची बोटं सोलली, कंबर धरली. हीच आपली सुट्टी, असं तिच्या मनात आलं, आणि त्यावर हसावं इतकंही बळ तिला नव्हतं. पण दोर ठरल्या जागी पडत गेला.

वाट्यात त्यांना तीन जॅक मिळाले. हॅमलिनने एकही जास्त ठेवला नाही. सेल्विनने ते मोजून घेतले आणि पिशवीत घातले.

खोलीवर आल्यावर तो म्हणाला, "जा, पड तू."

"मी नुसती शेपटी धरते, तू खवले..."

"इस्मे. पड म्हटलं ना."

ती पडली. भिंतीपलीकडून सुरीचा आवाज येऊ लागला. खरडायचा, थांबायचा, पुन्हा खरडायचा. मासा निसटून फरशीवर पडल्याचं तिला कळलं. दुसऱ्यांदाही पडला. त्याने एक शिवी हासडली. मासा पायाखाली दाबून तो खरवडत असणार, हे तिला न बघता दिसत होतं. पाच मिनिटांचं काम. तिचे हात आपोआप पलंगाच्या कडेला गेले. तिने कड घट्ट धरली आणि तशीच पडून राहिली. पाऊण तासाने तेल तडतडलं. वाटण जळल्याचा वास आला. ती उठली नाही.

ऊन वर चढताना तो ताट घेऊन आला. ताट डाव्या हातावर पेललेलं होतं. एका बाजूने करपलेला जॅक, लिंबाची फोड, कालचा नीरफणस. ती उशीला टेकून बसली आणि तिने ताट घेतलं. गरम होतं. दुसऱ्या घासाला टाळूला खवला चिकटला. तिने तो जिभेने सोडवला, बोटाने काढून ताटाच्या कडेखाली ठेवला. मग आणखी दोन निघाले, तेही तिथेच गेले.

"मीठ?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मीठ पडलंच नव्हतं.

काटा तेवढा उरला. तिने ताट पुढे केलं.

"आणखी आहे?" तिने विचारलं.

तो उभा राहिला. ताट घेतलं आणि पाय ओढत निघाला. चुलीपर्यंत आठ पावलं, आणि तितकीच परत. तिने उठण्यासाठी जमिनीला टेकवलेला पाय पुन्हा पलंगावर घेतला, हात मांडीवर ठेवले, आणि वाढलेलं ताट येण्याची वाट बघत बसली.