पाळी आल्यावर या

दवाखान्यात दाराऐवजी नुसता पडदा, त्यामुळे आतलं बोलणं बाकावरच्या सगळ्यांना फुकटात ऐकू येत होतं.

"पाळी आल्यावर या. त्याशिवाय गोळ्या नाहीत. कशावरून दिवस गेलेले नाहीत?" नर्सबाई म्हणाल्या.

"बाळ अंगावर पितंय, बाई. पाळी येणार कुठून?" ही माझी धाकटी जाऊ.

"मग आल्यावरच या."

मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. पाळीची वाट बघता बघता तिसरं राहिलं, आणि त्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. आता पुन्हा राहिलं तर ती हाताला लागायची नाही. हा नियम उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणीतरी केला असणार, दुसरं काय!

धाकटी बाहेर आली. रडली असती तर बरं वाटलं असतं. "चला ताई," म्हणाली आणि माझ्या मांडीवरचं बाळ घ्यायला वाकली.

मला त्याच दिवशी सकाळी पाळी आली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, दर महिन्याला येते. या वेळी जरा दिवस वर गेले होते आणि मी वेडी आशा लावून बसले होते. कुणाला बोलले नव्हते.

"बस इथंच," मी तिला म्हणाले आणि आत शिरले. तिच्यासाठी गोळ्या हव्या होत्या, मग त्या माझ्या नावावर का होईना.

नर्सबाई मान वर करून बघतच नाहीत, ते एक बरं. आयानं मला मोरीत नेऊन खात्री करून घेतली. लाज वाटायची ताकदही उरली नव्हती.

"आहे हो!" आया तिथूनच ओरडली.

"मुलं किती?" नर्सबाईंनी विचारलं.

"तीन."

"धाकटं अंगावर पितं?"

"पितं."

"मग तुम्हाला या वेगळ्या गोळ्या. रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, विसरायचं नाही." त्यांनी पाकिटं टेबलावर सरकवली. "आता आणखी मूल नको ना?"

"नको," मी म्हणाले.

आवाज फुटलाच नसावा. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं.