रिकामा घाणा

"अरे, पण घाण्यात तीळच नाहीत. बैल फिरवायचा कशाला?" घाणेवाल्याने विचारलं.

"बघायला," धाकटा भाऊ म्हणाला. "लोकांना बघायला."

सकाळच होती, तरी पत्र्याखाली अंग भाजत होतं. अंगणातली माती तडकून पापुद्रे सुटलेले. कोंबड्या पाण्याच्या डोणीच्या सावलीतून हलत नव्हत्या. घाण्याच्या दोन बाजूंना दोघे भाऊ आणि मधे झापडं बांधलेला पांढरा बैल, कान हलवत उभा.

घाणेवाला तसा हट्टी नव्हता. बापामागे त्यानेच धाकट्याला वाढवलं, शहरात धाडलं. गाव एकेक घर करत दुकानातल्या पिशवीबंद तेलाला लागलं, तेव्हा त्याने मुकाट्याने मागच्या खोलीत मोटारीचा घाणा बसवला. तरी गिऱ्हाईक फिरकेना. सगळं बंद करून मजुरीला जायचं नवरा-बायकोचं ठरल्यात जमा होतं. तेवढ्यात धाकट्याची नोकरी सुटली, तो घरी आला आणि सहज म्हणून त्याने बैलाचा व्हिडिओ टाकला.

व्हिडिओत होतं तरी काय? बैल गोल फिरतोय, तेलाची धार पडतेय. पण लोक खुळावले. कुणी लिहिलं, जिवाला थंड वाटतं. कुणी लिहिलं, हा बघितल्याशिवाय झोप लागत नाही. मागोमाग तेलाची मागणी आली. बाटल्यांना बुचं लावून लावून बायकोच्या बोटांना फोड आले, पण घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं.

मग लोकांना बैल रोज हवा झाला, पुढे सकाळ-संध्याकाळ लाइव्ह. एवढं तेल काढणं बैलाच्या आवाक्यातलं नव्हतं. ते मागच्या खोलीत मोटार काढायची, बैल पुढे दाखवायला. धाकटा हे लोकांना सांगत नव्हता आणि घाणेवाला त्यावर बोलत नव्हता. आता तीळही कमी आले होते. होते तेवढे मोटारीला लागत.

"एक दिवस नाही दाखवला, तर काय आभाळ कोसळतंय?"

"दादा, मधे बंद ठेवला तेव्हा लोक कसे भराभर गळाले बघितलंस ना? एकदा नजरेआड झालो की विसरतात. वहिनी, तू तरी सांग याला."

"मला मधे घेऊ नका, भावजी," ती म्हणाली. "आधी बैलाचा खांदा बघा. सालटं निघालंय."

धाकट्याने बैलाच्या खांद्यावर लाल कापड टाकलं आणि लाइव्ह सुरू केलं. लोकांना ते कापडही आवडलं.

घाणेवाल्याने जीभ टाळूला लावून बैलाला हाकारलं. लाकडावर लाकूड घासून असा आवाज उठला की दात शिवशिवले. धाकट्याने मोबाइलवर तो आवाज घालवला आणि वर बासरी लावली.

बैल अर्ध्या फेऱ्यात थांबला. घाण्यातला माल संपला की आवाज बदलतो, मग आपण थांबायचं, मग पाणी मिळतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. घाणेवाल्याने पाठीवर थाप मारली. बैल चालला, पुन्हा थांबला. पुन्हा थाप, पुन्हा थांबणं.

"दादा, लोक विचारतायत, चालत का नाही?"

या बैलावर घाणेवाल्याने कधी चाबूक उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला. मोबाइलला दिसणार नाही अशा बाजूने.

ऊन माथ्यावर आलं आणि बैलाने पुढचे गुडघे टेकले. मग कुशीवर गेला, जू मानेत तसंच.

"मोबाइल टाक! दावं काप आधी!" घाणेवाला ओरडला.

धाकट्याने दावं कापलं. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाइल होता.

घाणेवाल्याने झापडं सोडली. बायको घागर घेऊन धावली. पाणी बैलाच्या तोंडाच्या कडेने मातीत गेलं आणि बघता बघता जिरलं. बैलाने एकदा लांब श्वास सोडला, तो पुन्हा घेतला नाही.

बांधाकडेला त्याला पुरलं. धाकटा ढसाढसा रडला. त्यात खोटं काही नव्हतं. डोळे पुसून त्याने मोबाइल उघडला आणि वाचू लागला, "दादा, आजवर कधी एवढी मागणी नव्हती. त्याने काढलेलं शेवटचं तेल हवंय सगळ्यांना. आणि विचारतायत, नवा बैल कधी? नाव आम्ही ठेवू म्हणतात."

घाणेवाल्याच्या हातांना अजून माती होती. तो उठला. "लाव ते लाइव्ह."

"आत्ता? काय बोलणार आहेस?"

"लाव म्हणतो ना."

मागच्या खोलीत जाऊन त्याने मोटार चालू केली आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"हे बघा," तो म्हणाला. "तुम्ही घेता ते तेल हिचं. बैलाचं नाही. कितीतरी दिवस नाही. बैल तुम्हाला बघायला फिरत होता. घाणा रिकामा होता. तो थांबायचा. मी मारलं त्याला. या हाताने मारलं. तुम्हाला दिसू दिलं नाही."

बायकोने दारात पदर तोंडाला लावला. घाणेवाल्याला वाटलं, चला, आता सगळे जातील. शिव्या देऊन जातील, पण जातील. त्याने धाकट्याकडे पाहिलं.

धाकट्याचे डोळे अजून लाल होते, पण चेहरा उजळत चालला होता. मोबाइल न हलवता तो हळूच पुटपुटला, "थांबू नकोस, दादा. बोलत राहा. लोक वाढतायत."