शुक्रवारपर्यंत काढा

भीती ही आगीसारखी असते, तिच्याकडे पाठ फिरवली की ती अंगावर येते, असे बंबसाहेबांनी भर दवाखान्यात ठणकावून सांगितले, आणि खुर्चीवरून उतरून, दवाखान्याकडे पाठ फिरवून ते घरी निघून आले.

बंबसाहेब म्हणजे अग्निशमन केंद्राचे निवृत्त प्रमुख. तेहतीस वर्षे त्यांनी जळत्या इमारतींमधून माणसे, मांजरे आणि एकदा एक शिलाई मशीन बाहेर काढले होते. स्वतःची खालची उजवी दाढ मात्र त्यांना बाहेर काढून हवी नव्हती. दवाखाना परका असता तर एक वेळ चालले असते. तो त्यांच्या मुलीचा होता. उघडून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि खुर्चीच्या हातांवरचे प्लास्टिकही अजून निघाले नव्हते. गल्लीतले लोक पाटी वाचत, आत डोकावत, आणि कोपऱ्यावर फुगलेला गाल घेऊन उभ्या असलेल्या बंबसाहेबांकडे बघून पुढे जात. सख्खा बाप जिथे बसत नाही तिथे आपण कशाला बसा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एक्सरेपुरते ते शहाण्यासारखे बसले होते. हत्यारांचा ट्रे दिसला आणि वर दिलेले वाक्य त्यांना सुचले.

त्याच दुपारी मुलीने आईच्या फोनवर निरोप पाठवला. मुलगी दातांच्या बाबतीत काटेकोर होती. विरामचिन्हांच्या बाबतीत नव्हती. "एक्सरे पाहिला गोळ्यांनी भागणार नाही बाबांना सांग काढा शुक्रवारपर्यंत उशीर नको."

बायकोने चष्मा लावून हे मोठ्याने वाचले. बंबसाहेबांनी ते पुन्हा वाचायला लावले.

"काढा म्हणते?"

"काढाच लिहिलंय. शुक्रवारपर्यंत."

बंबसाहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि भांडे लगेच गॅसवर चढले.

भांडे चढवले ते बायकोच्या थोरल्या बहिणीने. ताई जन्मभर वाचनालयात होत्या आणि तिथल्या पुस्तकांसारख्याच त्यांच्या बरण्याही घरी क्रमांक लावून ठेवलेल्या असत. बातमी कळताच त्या पिशवी घेऊन हजर झाल्या.

"पोरीला शिकवल्याचं चीज झालं," त्या म्हणाल्या. "नाहीतर हल्लीचे डॉक्टर. उठले की पक्कड."

"दाढेवर कसला काढा देतात, ताई?" बायकोने विचारले.

"दाढेवर कोण देतंय? दाढ दुखते ती लवंगेने गप्प बसते. यांचं मन दुखतंय. लहान मुलासारखं घाबरलंय."

"मी घाबरलेलो नाही," बंबसाहेब म्हणाले.

"बरं, घाबरला नाहीत. मग हे न घाबरल्याबद्दल घ्या."

ब्राह्मी, जटामांसी आणि तिसरे काहीतरी, जे ताईंनी नाव न सांगता मुठीने टाकले. चव ओल्या पोत्याची होती. पण गुण असा आला की बायको थक्क झाली. पहिला कप पोटात जाण्याआधीच, तो नुसता हातात धरल्यावर, बंबसाहेबांच्या छातीतली धडधड थांबली. त्या रात्री ते घोरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातले कोडे सोडवले. गाल तेवढा आणखी फुगला, पण गालाला कोणी विचारत नव्हते.

माणसाला गुण आला की तो स्वतःपुरता ठेवत नाही. बंबसाहेबांनी न्हाव्याला सांगितले, किल्लीवाल्याला सांगितले, गॅलरीतून खालच्या शिंपीणबाईंना सांगितले, आणि बँकेच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थांना, त्यांनी काहीही विचारले नसताना, सांगितले: आमची मुलगी दाढ उपटत नाही. काढा सांगते.

गुरुवारी भरदुपारी मुलगी पांढरा कोट न काढताच घरी आली.

"बाबा, आज माझ्याकडे चार पेशंट आले."

"बघ, सुरुवात झाली की नाही?"

"चौघांनी घरून थर्मास आणले होते."

बंबसाहेबांनी कौतुकाने मान डोलावली. "मी सांगितलं होतं त्यांना."

"मी काढा म्हटलं ते दाढ काढा, बाबा. काढून टाका. उपटा."

भांड्यात ब्राह्मी रटरटत होती.

"मग तसं लिहायचं," बायको म्हणाली. "एक स्वल्पविराम टाकला असतास तर काय बिघडलं असतं? तीन दिवस मी गॅसपाशी उभी आहे."

"पण गुण आला," ताई म्हणाल्या.

"मावशी, तू गाल बघ त्यांचा."

"गालाचं मी बोलतच नाही."

मुलगी खुर्चीवर बसली. आता ती चिडलेली नव्हती, त्यामुळे बंबसाहेबांना जास्त अवघड झाले. "चौघांच्याही दाढा काढायला झाल्यात," ती म्हणाली. "ते म्हणाले, आधी बंबसाहेबांची काढा, मग आमची. उद्या साडेदहाला चौघं येऊन बसणार आहेत. तुम्ही आला नाहीत तर मला पाटी उतरवावी लागेल. आणि येताना काही पिऊन येऊ नका. इंजेक्शनबरोबर त्या मुठीचं काय होईल ते मला माहीत नाही."

काढा बंद म्हटल्यावर धडधड होती तिथे परत आली.

शुक्रवारी साडेदहाला बाकावर न्हावी, किल्लीवाला, शिंपीणबाई आणि बँकेतले गृहस्थ ओळीने बसले होते. चौघांनी आपापला गाल धरला होता. बंबसाहेब त्यांच्या समोरून आत गेले, कारण बाहेर जायच्या दारात ताई थर्मास घेऊन उभ्या होत्या.

इंजेक्शन झाले. जबडा परक्याचा वाटू लागला. मुलीने ट्रेमधली हत्यारे सारखी केली. मग उलट्या क्रमाने पुन्हा सारखी केली. तिसऱ्यांदा तिने चिमटा उचलला तेव्हा तो ट्रेच्या कडेवर टकटक वाजला, आणि तो वाजवण्याचा तिचा विचार नव्हता. बंबसाहेबांनी हे पाहिलेले होते. पहिल्यांदा शिडी चढणारा नवा जवान पाइपाची गुंडाळी अशीच तीनदा सारखी करतो.

"ताई," त्यांनी बधिर तोंडाने हाक मारली. "थर्माश आणा."

"बाबा, तुम्हाला नाही म्हटलं ना."

"मला नको. तुला."

मुलीने दाराकडे पाहिले, ट्रेकडे पाहिले, मास्क खाली ओढला आणि ताईंनी पुढे केलेल्या थर्मासातले दोन घोट घेतले.

"शी. काय कडू आहे."

"शिडी चढताना एकच पायरी बघायची," बंबसाहेब म्हणाले. "हातातली. इमारत बघायची नाही."

तिने हातमोजे बदलले. काढ्याने म्हणा, पायरीने म्हणा, कशाने ते कोणी तपासले नाही, पण चिमटा पुन्हा वाजला नाही.

बंबसाहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड होईल तेवढे उघडले. आता खरा प्रश्न बाहेरच्या चौघांचा होता. दारातून कसे बाहेर पडावे? छाती काढून गेलो तर काही झालेच नाही असे वाटेल. भिंतीला धरून गेलो तर चौघेही पळतील. मधोमध थांबून, एक हात कमरेवर ठेवून, चौघांकडे एकेक करून बघावे आणि काही न बोलता फक्त मान हलवावी, हे त्यांना पटले. मान किती वेळा हलवायची यावर ते विचार करू लागले. दोनदा ठीक होते. तीनदा म्हणजे...

त्यांच्या खांद्यावर कोणीतरी बोटाने टकटक केले.

"बाबा, दाढ केव्हाच निघाली, कापूस ठेवलाय. तोंड मिटा ना आता."