झूल पांघरलेला लष्करी ट्रक

मी एक जुना लष्करी ट्रक आहे, मित्रांनो, पण माझ्या पाठीवर आता सैनिक नसतात, पाण्याची टाकी असते. तुमच्यातले काही जण घागरी घेऊन माझ्यामागे पळालेही असतील. मला गोड बोलता येत नाही. आयुष्यभर वजन वाहिलं, म्हणून जे जड आहे त्याला मी जडच म्हणतो.

जबलपूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. हिरवा रंग, उंच चाकं आणि आवाज असा की रस्त्यावरची कुत्री भुंकायचं विसरावीत. वाटलं होतं, सगळा देश बघायला मिळेल. मिळाली ती सीमा.

पहिली लढाई बर्फात झाली. त्या वेळच्या पंतप्रधानांच्या तोंडी तोवर शेजाऱ्याशी भाऊपणाची भाषा होती. भाऊपणा मोडला तेव्हा आमची पोरं सुती कपड्यांत डोंगर चढली. दुसऱ्या लढाईच्या वेळी नेते दुसरे होते, साधे गृहस्थ. त्यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. ज्यांच्या घरी दोन वेळा चूल पेटत होती त्यांनी एक वेळ सोडली. ज्यांच्या घरी एकदाच पेटायची ते विचारत राहिले, आता कोणती सोडायची? तिसऱ्या वेळी बाई पंतप्रधान होत्या. आपण जिंकलो, पेढे वाटले. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांसाठी साध्या पत्रावरसुद्धा जादा तिकीट लागलं होतं. आणि जिंकल्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या मराठवाड्यातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत बसली.

नेते बदलले, भाषणं बदलली, माझं काम तेच राहिलं. जाताना गाणारी पोरं न्यायची, येताना गप्प झालेली आणायची. एकदा पकडलेले शत्रूचे सैनिक माझ्यात बसले होते. आपली पोरं ‘आई गं’ म्हणून कण्हत, ती ‘अम्मी’ म्हणून. माझ्या फळ्यांना दोघांचं रक्त सारखंच चिकटलं. लढाईचा खर्च सरकार करतं असं तुमच्या पुस्तकात असेल, तर ते खोटं आहे. काडेपेटी विकत घेणारा प्रत्येक माणूस तो खर्च करतो. आणि जी आई पोरगा देते, तिचं काय गेलं हे तर कुणी विचारतही नाही.

आता आनंदाचं सांगतो. लष्करानं मला मोडीत काढलं, सरकारच्या टंचाईच्या कामावर मी लागलो, पाठीवर टाकी बसली आणि चाकूरच्या बाजूच्या एका गावाला पाणी वाहू लागलो. ड्रायव्हर साहेबराव हेसुद्धा फौजेतून परतलेले. स्टेअरिंग धरलं की म्हणायचे, “चल रे जवाना, आता कुणाला माराया न्हाई, पाजायला जायाचं!” पहिल्या खेपेला गावातली लेकरं माझ्यापुढे नाचली, म्हाताऱ्यांनी कुंकू लावलं. तोफगोळे नेताना असलं सुख कुठलं!

उस्मानाबादेतून निघून लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. पाऊस रुसला होता. चाऱ्यावाचून काही बैल बाजारात गेले, काही छावणीत. आणि पोळा आला. पोळ्याचा पहिला मान गावच्या ईश्वरप्पांच्या बैलाचा, तोही गेला होता. ते पारावर तोंड पाडून बसले होते. तिकडून नागाबाई आल्या. त्यांचा एकुलता एक रामकिशन तिसऱ्या लढाईत गेलेला, पण बाईची जीभ अजून वस्तऱ्यासारखी.

“अप्पा, कामून बसला असा?”

“बैल न्हाई तर पोळा कुठला, नागाबाई?”

“ह्यो काय उभा हाय की! सालभर आपल्यासाठी वढून राहिलाय. ह्येलाच सजवा.”

“ह्येला शिंगं कुठंयत?”

“तुमच्या बैलाला तरी दोन्ही कुठं होती!”

गाव हसलं आणि ठरलं. आदल्या संध्याकाळी माझी खांदेमळणी झाली. बैलाच्या खांद्याला लावतात तसं तेल-हळद माझ्या पुढच्या पत्र्याला चोळलं. “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,” असं मला रीतसर सांगितलं. साहेबराव ओरडले, “अप्पा, तेवढं तेल इंजिनात वता, लई दुवा देईल!” सकाळी पाठीवर झूल आली, आरशांना गोंडे, दिव्यांना काजळ. मित्रांनो, मी लाजलो असतो, पण रंग आधीच उडालेला.

मग साहेबरावांनी पाण्याला जायला इंजिन चालू केलं, तर ईश्वरप्पा आडवे. “थांब! पोळ्याला बैलाला काम लावत न्हाईत.”

तेव्हा गावाला कळलं की आपण काय करून बसलो! हौद कोरडा, पुरणाची डाळ चुलीवर, हंडे पालथे. मला मान दिला आणि स्वतःचं पाणी तोडलं.

तेवढ्यात लातूरहून जीप आली. उतरलेले साहेब म्हणाले, “नव्या जिल्ह्यात युद्धस्मारक करतोय. रणगाडा मागितला होता, मिळाला नाही. म्हणून हा ट्रक चौथऱ्यावर बसवायचा. खाली पाटी, तिन्ही लढायांच्या नेत्यांची नावं, मग जवानांची. नागाबाई मावशी, वीरमाता म्हणून उद्या पडदा तुम्ही ओढायचा.”

“आन् आमचं पाणी?” साहेबरावांनी विचारलं.

“दुसऱ्या टँकरसाठी वर लिहितो.”

‘वर लिहितो’ म्हणजे काय ते गावाला चांगलं ठाऊक होतं. ईश्वरप्पा गुरगुरले, “आज न्हाई न्यायचा. पोळ्याला बैल दुसऱ्याच्या दावणीला जात न्हाई.”

साहेब हसले. “बरं, बैल तर बैल. मग आज पाण्यालाही जाणार नाही. उद्या सकाळी नेतो.”

नागाबाई पुढे झाल्या. “साहेब, चौथऱ्यावर ह्यो करील काय?”

“उभा राहील. लोक हार घालतील.”

“माझ्या रामकिशनला बी जाताना हार घातले. माघारी आली ती त्याची ट्रंक. आता ह्येला बी कोरडा उभा करता? त्याचं नाव लिवायचं तर ह्या टाकीवर लिवा, गावोगाव पाणी पाजत हिंडंल. न्हाईतर मी पडदा वढायला येत न्हाई.”

“मावशी, पत्रिका छापल्यात! मंत्री येणार आहेत!”

“मग मंत्र्यालाच म्हणावं, वढ.”

साहेबांना घाम फुटला. म्हणाले, “जरा पाणी द्या.”

नागाबाईंनी हंडा उलटा करून दाखवला. “बैलाला आज काम न्हाई, साहेब. तुमीच म्हणला.”

सगळे खदाखदा हसले. मग बाई वळल्या. “अप्पा, पोळ्याला बैल मिरवत्यात का न्हाई?”

“मिरवत्यात की.”

“मिरवणूक कुठवर न्यायची असा काय कायदा हाय? नदीच्या हिरीपस्तोर न्या!”

ईश्वरप्पांनी टोपी सारखी केली. “हाव! जू न्हाई, नुसती मिरवणूक. वाजवा रे हलगी!”

काय निघाली मिरवणूक! पुढे हलगी, मध्ये मी, मागे हंडे घेतलेल्या बाया आणि त्यांच्यामागे तहानलेले साहेब पायी. तोरणाखालून मी डौलात गेलो. विहिरीवर टाकी भरली, पहिला तांब्या साहेबांनी घटाघटा रिकामा केला. तोंड पुसत म्हणाले, “मंत्र्यांना सांगतो, चालतं-फिरतं स्मारक आहे. नवी कल्पना म्हटलं की खूश होतात. फक्त कल्पना माझी म्हणायची हं!”

“घ्या की,” नागाबाई म्हणाल्या, “आमाला पाणी ठेवा.”

दुसऱ्या दिवशी झुलीसकट लातूरला गेलो. पडदा माझ्याच टाकीवर टांगला. बाईंनी ओढला आणि रामकिशनचं नाव उन्हात चमकलं. कुणीतरी कुजबुजलं, “नेत्यांची नावं कुठं आहेत?”

“ती चौथऱ्यावर ठेवा,” नागाबाई म्हणाल्या, “त्यांला कुठं जायाचंय!”

मंत्र्यांचं भाषण रंगात आलं होतं. बाई माझ्यात चढून बसल्या. “साहेबराव, काढ गाडी. गावात हंडे वाट बघून राहिले.” साहेबरावांनी इंजिन चालू केलं आणि माझ्या आवाजात ते भाषण बुडालं. टाळ्या मात्र तेव्हाच पडल्या.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. मला जपायचं तर तेल बदला, ब्रेक बघा आणि पळवत ठेवा. आणि उद्या कुठल्याही पक्षाचा, कुठलाही नेता लढाईची भाषा करू लागला, तर भिऊ नका. उभं राहून विचारा, “तुमचा पोरगा कुठल्या ट्रकात बसणार आहे?”