दुसऱ्या परीक्षकाची बाधा

"हाणा! आणखी हाणा!"

हॉलभर एकच गलका उठला. चामड्याचा पट्टा वर गेला आणि सप्पकन खाली आला. बाकावर उघड्या अंगाने पालथा पडलेला माणूस कळवळून ओरडला. तो कोणी पाकीटमार नव्हता हो! चांगला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. मार खायला आडवा होण्याआधी त्याने चष्मा काढून नीट बुटात ठेवला होता. आणि 'हाणा, हाणा' म्हणून ओरडणारे कोण? त्यांत डॉक्टर होते, इंजिनियर होते, पीएचडीसाठी वर्षानुवर्षं खर्डेघाशी केलेली पोरंपोरी होती. अडाणी म्हणावा असा एकही नव्हता. शिकलेला माणूस अक्कल गहाण टाकायला निघाला की वेळेआधी येऊन, रांग लावून टाकतो.

पट्टा ज्याच्या हातात होता त्याला तोंडावर 'गुरुवर्य' म्हणत आणि पाठीमागे फटकेबाबा. जटा नाहीत, माळा नाहीत. अंगात प्रयोगशाळेतला पांढरा एप्रन, खिशाला दोन पेनं. बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्याचा दरबार भरे.

"नकार हा रोग नाही, बाळांनो, नकार ही बाधा आहे!" फटकेबाबा गरजला. "तुमचा पेपर वाईट नसतोच. तुमच्या अंगात दुसरा परीक्षक शिरलेला असतो! पहिला परीक्षक सज्जन. दुसरा म्हणजे पिशाच्च! तो तुमच्या तक्त्यांत दबा धरतो, संदर्भांत लपतो, आणि आकडेमोडीत तर बिऱ्हाडच थाटतो! बोल, कोण आहेस तू?"

सप्प!

"दु... दुसरा परीक्षक," प्राध्यापक रडत म्हणाला.

"जातोस की नाही?"

सप्प!

"जातो, जातो! आई गं, गेलो!"

फटकेबाबाने बुबुळं वर फिरवली, एप्रनसकट थरथरला आणि घोगऱ्या आवाजात बोलू लागला, "संशोधन मौलिक आहे... मांडणी रेखीव आहे... जसंच्या तसं छापावं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कारण हाच तर चमत्कार होता. जर्नलकडे, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाकडे, पेपर पाठवला की संपादक तो त्या विषयातल्या दोघातिघा जाणकारांकडे तपासायला देतो. हे परीक्षक. त्यांनी मान हलवली तर पेपर छापून येतो, नाहीतर परत येतो. ते कोण, हे लेखकाला कधी कळत नाही. आणि इथे हा बाबा परीक्षकाचे शब्द आधी बोलून दाखवायचा, मग चार-आठ दिवसांनी जर्नलकडून नेमके तेच शब्द मेलवर यायचे! मागच्या रविवारी मार खाल्लेल्या एका बाईंना आलेला मेल भिंतीवरच्या पडद्यावर झळकत होता. मौलिक, रेखीव, जसंच्या तसं. काना-मात्रेचा फरक नाही.

मागच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. ती मोठ्या रुग्णालयात सर्जन होती, आणि आता बाकावर चढायची पाळी तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती.

भावाला घरात सगळे छोट्या म्हणत. तिशी उलटली तरी छोट्याच. ताई जखमांवर उपचार करते म्हणून हाही जखमांच्याच मागे लागला. एका संस्थेत कंत्राटी संशोधक होता. जखम लवकर भरावी म्हणून त्याने एक मलम तयार केलं आणि त्यावर पेपर लिहिला. दोन जर्नलांनी तो परत पाठवला. वर्षअखेरीपर्यंत पेपर छापून आला नाही तर कंत्राट संपणार होतं. बुडत्याला काडीचा आधार, तसा एका मित्राने त्याला फटकेबाबा दाखवला. बाबाने त्याला एकदा झोडपलं आणि जर्नलच्या साइटवरून पेपर पाठवायचा पासवर्ड 'अर्पण' करून घेतला; आता पेपर बाबाच पाठवणार. आठवड्याभरात परीक्षकांची पसंती कळली. पण संपादकाचं मन फिरू नये म्हणून आणखी एकदा मार खायचा असतो म्हणे. त्याला तिथे शिक्कामोर्तब म्हणत.

परवा सकाळी तो घाईत बाथरूममधून बाहेर पडला आणि ताईला संडासाच्या भांड्यात लघवीतलं रक्त दिसलं. तिने त्याचा शर्ट वर ओढला. पाठ काळीनिळी पडली होती.

"छोट्या, तुला एकच मूत्रपिंड आहे. दुसरं लहानपणीच काढलंय, विसरलास? या जागी परत फटका बसला तर मरशील!"

"तुझं काय जातंय बोलायला? तुला कधी कोणी नाकारलंय?"

"अरे, हजारदा!"

"खोटं बोलतेस. सर मला घ्या म्हणत दारोदार फिरून बघ एकदा. मेलो तर मेलो, सुटेन तरी."

ती दारात आडवी उभी राहिली. छोट्याने तिला असा हिसडा दिला की ती कपाटाच्या कडेवर आपटली आणि भुवई फुटली. तो मागे वळूनसुद्धा न बघता जिना उतरून गेला, तो मित्राकडेच राहिला. फोन उचलेना. ती पोलिसांत गेली तर ते म्हणाले, "बाई, तो सज्ञान आहे, आपणहून जातोय. आम्ही काय करणार?" टाके घातलेली भुवई घेऊन ती आज इथे आली होती. पण रिकाम्या हाताने आली नव्हती.

"शिक्कामोर्तब!" फटकेबाबाने हाक दिली. "मलमवाला!"

छोट्याने शर्ट काढला आणि बाकावर पालथा पडला. गर्दी पुढे सरकली.

"थांबा!" ताई गर्दीत घुसली. "त्याला हात लावू नका!"

"कोण ही बाई?"

"मी? मी याच्या पेपरची दुसरी परीक्षक."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग फटकेबाबाचे डोळे चमकले. "बघा, बघा! इथून हाकलला तो तिथे शिरला! परीक्षक हिच्या अंगात आलाय. धरा हिला!"

दोघा चेल्यांनी तिचे दंड पिरगाळले. पट्टा तिच्या मनगटावर बसला, मग मानेवर. भुवईचा टाका उसवला आणि रक्त डोळ्यात उतरलं. छोट्याने मान वर केली. "ताई, जा ना घरी! माझा पेपर घेतलाय त्यांनी. माझं वाटोळं करू नकोस!"

"अंगात बिंगात काही आलेलं नाही!" ती ओरडली. सर्जनचा आवाज तो, ऑपरेशनच्या खोलीत कमावलेला. "काल दुपारी संपादकांचा मला फोन आला. म्हणाले, मलमाच्या पेपरचं परीक्षण तुम्ही तासाभरात पाठवलंत, कमाल आहे, आणखी एक तपासाल का? मी म्हटलं, मी कुठला पेपरच पाहिला नाही! त्यांनी माझं परीक्षण मलाच वाचून दाखवलं. संशोधन मौलिक आहे. मांडणी रेखीव आहे. पुढचं तुम्ही सांगा!"

"जसंच्या तसं छापावं," गर्दीतून कोणीतरी नकळत म्हणालं.

"ते माझ्या नावाने आलं, पण मेलचा पत्ता माझा नव्हता. म्हटलं, हा पत्ता कोणी दिला? तर म्हणाले, लेखकाने. पेपर पाठवताना जर्नल लेखकालाच विचारतं, तुमचा पेपर कोणी तपासावा, नावं आणि पत्ते सुचवा. विचारतं की नाही?"

बऱ्याच माना हलल्या. नावं सुचवायच्या त्या रकान्याची भानगड सगळ्यांना ठाऊक होती. पण पासवर्ड बाबाला दिल्यापासून तो रकाना कोणी उघडून पाहिलाच नव्हता.

"हा माणूस तुमच्या पेपरचं शेवटचं पान उघडतो. संदर्भांच्या यादीतून नावं उचलतो आणि त्या नावांनी खोटे पत्ते काढतो. छोट्याने प्रेमाने माझ्या कामाचा संदर्भ दिला, म्हणून मी सापडले. लग्नानंतरचं आडनाव निराळं, त्यामुळे बहीण आहे हे बाबाच्या गावीही नाही. मग परीक्षणाचं निमंत्रण याच्याकडे, कौतुक लिहिणार हाच, आणि इथे डोळे फिरवून तेच बोलून दाखवणार हाच. काय मोठी दिव्यदृष्टी!"

"धादांत खोटं!" बाबाच्या तोंडाला फेस आला. "पापिणी, तुझी जीभ झडेल!"

"जिभेचं नंतर बघू. हातच्या काकणाला आरसा कशाला?" एक हात कसाबसा सोडवून तिने फोनवर अंगठा दाबला. "तुमच्या त्या खोट्या पत्त्यावर हा मेल पाठवला."

एप्रनच्या खिशात टिंग वाजलं.

"मला रोज शेकडो मेल येतात!" बाबा म्हणाला. पण त्याचा हात खिशावर गेला होता.

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. पत्ता सांगते, तुम्ही पाठवा."

ती मोठ्याने पत्ता बोलली. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने बुटातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ठणकणाऱ्या पाठीने फोनवर दोन शब्द लिहिले. टिंग. मग पडद्यावर ज्यांचा मेल होता त्या बाईंनी लिहिलं. टिंग. मग हॉलभर माना खाली गेल्या, बोटं चालू लागली, आणि बाबाचा खिसा टिंग टिंग टिंग करत सुटला. तो दाराकडे सरकला. प्राध्यापकाने त्याची गचांडी धरली, एप्रन टर्रकन फाटला आणि फोन बाहेर आला.

"मी 'लबाड कोण' लिहिलं होतं," प्राध्यापक फोनमध्ये बघत पुटपुटला. "इथे तेच आलंय." त्याने बोट खाली सरकवलं. "अहो, इथे डझनभर परीक्षकांची नावं आहेत! आणि हे माझे गाइड... ते गेल्या वर्षी वारले की हो!"

छोट्या बाकावर उठून बसला होता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझा पेपर कोणी वाचलाच नाही?"

त्याच वेळी बाबाचा तोल गेला. "तूच आणलीस या कैदाशिणीला!" म्हणत त्याने पट्टा उलटा धरला आणि लोखंडी बक्कल छोट्याच्या कमरेवर सर्व ताकदीनिशी हाणलं. एकदा, आणि परत एकदा. छोट्या ओरडलासुद्धा नाही. बाकावरून खाली पडला आणि फरशीवर आखडून गेला.

मग काय विचारता! गर्दी बाबावर तुटून पडली. मघाशी ज्या तोंडांतून 'हाणा' निघत होतं त्याच तोंडांतून परत 'हाणा' निघालं, फक्त पाठ बदलली. खुर्च्या मोडल्या. बाबाचे दात फरशीवर पडले. त्याचा जबडा मोडल्याचा कडकन आवाज झाला आणि तरीही लाथा थांबेनात. प्राध्यापकाच्या हातात तो पट्टा आला होता, आणि तो तोंडाने मोजत मोजत हाणत होता.

ताई भावाशेजारी गुडघ्यांवर बसली होती. त्याची नाडी धावत होती, ओठ पांढरे पडत चालले होते. तिने किंचाळून विचारलं, "अरे, मारायला शंभर हात आहेत, याला उचलायला दोन नाहीत?"

कोणाला ऐकूच गेलं नाही. ती उठली आणि प्राध्यापकाच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की चष्मा उडाला. "पट्टा टाका आणि याचे पाय धरा! माझा भाऊ मरतोय!"

प्राध्यापकाने हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा गळून पडला. मग चौघांनी छोट्याला उचललं.

पोटात रक्त साचलं होतं. भावाच्या अंगावर सुरी चालवायला ताईचे हात धजेनात, तेव्हा तिच्या सहकाऱ्याने ऑपरेशन केलं आणि ती बाहेर भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडली. एकुलतं एक मूत्रपिंड कसंबसं वाचलं. बाबाचा जबडा त्याच रुग्णालयात तारेने बांधला, आणि दाराशी पोलीस बसला. संपादकांनी बाबाच्या हातून आलेले सगळे पेपर बाद केले. छोट्याचा पेपरही गेला आणि कंत्राटही गेलं. हा हिशेब गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

तो बसायला लागला तेव्हा ताईने त्याला त्याचाच एक जुना मेल उघडून दिला. पहिल्या जर्नलचा नकार. 'आम्हाला खेद वाटतो' एवढं वाचून त्याने तो तेव्हा बंद करून टाकला होता. खाली खऱ्याखुऱ्या दुसऱ्या परीक्षकाचं मत होतं, चांगलं दीड पान. कोणत्या तक्त्यात बेरीज चुकली, कोणतं वाक्य सुंदर जमलं, सगळं लिहिलं होतं. आणि शेवटी एक प्रश्न: मलम न लावलेल्या जखमा किती दिवसांत भरतात, ते लेखकाने पाहिलं आहे का?

छोट्याने ते दीड पान दोनदा वाचलं. "ताई, याने अख्खा पेपर वाचला होता गं. आणि मी याला भूत समजून मार खाल्ला." मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, "माझ्या पाठीच्या जखमांना काय लावलं होतंस?"

"काही नाही. धुतल्या आणि झाकून ठेवल्या."

"भरल्या की."

"बहुतेक भरतातच रे."

तेवढ्यात प्राध्यापक भेटायला आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला. "एक सांगू? बाबा लबाड होता, मान्य. पण माझ्या ओळखीच्या दोघांनी त्याचा मार खाल्ला आणि पेपर स्वतःच पाठवले. पासवर्ड दिला नव्हता. तरी छापून आले! म्हणजे त्या पट्ट्यात काहीतरी असेलच ना?"

ताईने कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी! पण उत्तर छोट्याने दिलं, उशीला टेकून, एका हाताने पोटावरचा टाका दाबत.

"सर, पट्टा न खाता किती जणांचे छापून आले, ते मोजलंत का?"

प्राध्यापक बोटांवर मोजायला लागला, आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

मंडळी, तुम्हालाही कोणीतरी भेटेलच. कोणी अंगारा देईल, कोणी गंडा बांधेल, कोणी पट्टा उगारेल, आणि 'अमक्याला गुण आला' म्हणून दहा माणसं शपथेवर सांगतील. ती दहा माणसं खोटारडी नसतील, तुमच्या-माझ्यासारखी घाबरलेली असतील. हात जोडण्याआधी, पाठ उघडी करण्याआधी, त्यांना एवढंच विचारा: हे केलं नसतं, तर काय झालं असतं?