रस्त्यात मांडलेली खुर्ची

मी आलिदाबाईंच्या स्वयंपाकघरातली खुर्ची बोलतेय. चार काटकुळ्या पायांची आणि, सांगायला लाज कसली, एक नंबरची भित्री. सुताराने मला घडवलं ते टेबलाशी बसणाऱ्यांसाठी. मोटारींसमोर उभं राहायला नव्हे.

हॉलंडमधल्या उट्रेक्ट शहरातल्या या अरुंद गल्लीत मी बाईंच्या लग्नात आले. तेव्हा पोरं दारात गोट्या खेळायची. पुढे हमरस्त्याच्या गर्दीला कंटाळलेल्या मोटारवाल्यांना आमची गल्ली सापडली. फडताळातल्या बश्या दिवसभर किणकिणायच्या.

गेल्या वर्षी बाईंचा योरिस, नऊ वर्षांचा, सायकलवरून शाळेला निघाला आणि दारासमोरच मोटारीखाली गेला. तेव्हापासून बाई खिडकीकडे पाठ करून माझ्यावर बसून राहायच्या. धाकट्या लीनला त्यांनी एकटं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही.

लीनला सात वर्षं पूर्ण झाली त्या दुपारी ती अडूनच बसली. "वाढदिवस बाहेर करायचा, नाहीतर मला नकोच."

"बाहेर म्हणजे कुठे गं?"

"रस्त्यात."

शेजारच्या कोबाआजी केक घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "पोरगी काय चुकीचं बोलतेय? रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे? आलिदा, ऊठ. उचल ती खुर्ची."

घराघरातून खुर्च्या निघाल्या, भर रस्त्यात गोल मांडला. माझं नशीब बघा, माझी जागा वळणाच्या तोंडाशी! बाई माझ्यावर बसल्या. या वेळी त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं.

मोटार आलीच. कर्णा वाजवत, अगदी जवळ. ती चालवणारा हॅटवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "वेड लागलंय का बायांनो? हटा!"

"वाढदिवस आहे," कोबाआजी कॉफी ओतत म्हणाल्या. "आधी अभिनंदन कर, मग तोंड चालव."

आता वाढदिवसाच्या बैठकीत आलं की प्रत्येकाशी हात मिळवायचा, घरच्यांचंही अभिनंदन करायचं, ही आमच्याकडची रीत रक्तातच मुरलेली. तो पुटपुटत उतरला आणि सगळ्यांचे हात हातात घेत फिरला. बाईंपाशी येऊन म्हणाला, "मुलीबद्दल अभिनंदन."

बाईंनी त्याचा हात सोडला नाही. "मुलगाही होता. तुम्ही उभे आहात ना, तिथेच गेला."

त्याने हॅट काढली. मागे कर्णे कोकलत होते. तो वळला आणि एकेका मोटारवाल्याला मोटार मागे घ्यायला सांगत गेला.

मला वाटलं, सुटले. पण दुसऱ्या सकाळी लीन सायकल धरून दारात उभी. "आई, कालच्यासारखी बस ना तिथे. मग मी जाते."

तेव्हापासून रोज सव्वाआठला बाई मला रस्त्याच्या मधोमध मांडतात आणि लीन कोपऱ्यापलीकडे जाईपर्यंत बसून राहतात. गल्ली मोटारींना बंद करायची का, यावर पालिकेतले साहेब म्हणतात, विचार चालू आहे. तोवर मोटारीही चालूच आहेत. काल एक मोटार माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबली. बाई उठल्या नाहीत. मला तर उठताच येत नाही.

मोटारवाल्या दादांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. खुर्च्या काय, बाजारात ढिगाने मिळतात. फक्त वळणावर जरा हळू या. माझ्यावर एक आई बसलेली असते.